अणदूरच्या उन्हात कडवटपणाची लागवड

समस्त विचारी जनांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या अणदूरच्या शिवारात, जिथे ज्वारी, तूर आणि द्राक्षं यांच्याखेरीज कुणी उगवायची फारशी हिंमत केली नव्हती, तिथे बिअर कडू करण्यासाठी लागणारी हॉप्स नावाची विलायती वेल लावण्यात आली, वाढवण्यात आली, आणि पुण्याहून आलेल्या एका थोर नाकाकडून तिचा निकालही लावून घेण्यात आला. या घटनेचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. प्रसंगाचं महत्त्व ओळखून ज्यांना उभं राहून ऐकायचं असेल त्यांनी उभं राहावं. मी मात्र बसून, बेदाणे चघळत सांगणार आहे.

वेल लावणारे गृहस्थ म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस मनाने वाईट नाही, एवढं बोलून मी त्यांची स्तुती संपवतो. हवा बदलली की दुसऱ्यांना शिंक येते, तशी दाजींना वर्षातून एकदा कल्पना येते. एके वर्षी त्यांना शेततळ्यात शिंपले सोडून मोती पिकवायचे होते. शिंपले मेले, आणि पुढचा महिनाभर त्या मळ्याकडे पाहुणा फिरकला नाही. नंतर काळ्या कोंबड्या आल्या. काळ्या कोंबडीला गिऱ्हाईक फार असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं निघालं, फक्त गिऱ्हाईक म्हणजे ओढ्यातली मुंगसं निघाली.

त्यानंतर तुळजापूरच्या एका मंगल कार्यालयात शेतकऱ्यांसाठी एक चर्चासत्र झालं. तुळजापुरात मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे दाजी मला सोबत ओढून घेऊन गेले. व्यासपीठावर एक सल्लागार होता. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा, आणि बोलताना मधूनमधून डोळे मिटून घ्यायची सवय. पुण्यात बिअरच्या छोट्या छोट्या भट्ट्या निघू लागल्या आहेत, त्यांना लागणारी हॉप्स परदेशातून येते, ती आपण इथेच का पिकवू नये, असा त्याचा सवाल होता. मी हात वर करून विचारलं, "या वेलीला थंडी लागते ना? आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं."

त्याने डोळे मिटले. "सर, वाळवंटातसुद्धा होतं."

"काय होतं?"

"होतं," तो म्हणाला, आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात दाजींनी.

आता अक्काबद्दल, म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. दाजींच्या दोन द्राक्षबागा होत्या. लिंबाकडची बाग दाजींची आणि विहिरीजवळची अक्काची. कागदावर काय आहे मला ठाऊक नाही, पण विहिरीजवळच्या त्या वेलींना अक्काशिवाय कुणाचा हात लागत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसतं माळरान होतं. खड्डे घेण्यापासून सगळं तिने स्वतः उभं केलं. छाटणी कधी घ्यायची ते तीच ठरवायची, घडांची विरळणी करायला बाया आल्या की स्वतः त्यांच्या रांगेत उभी राहायची, आणि माल काढला की त्याचा बेदाणा करायची. त्या घरात भाजीत मीठ किती घालायचं इथपासून टीव्हीवर काय लावायचं इथपर्यंत सगळ्यांचं मत चालतं. अक्काचं मत चालतं ते फक्त त्या बागेत.

दाजींनी लिंबाकडची बाग तोडली आणि तिथे हॉप्सची रोपं लावली. हिमाचलातल्या कुठल्याशा गार खोऱ्यातली रोपं होती. सल्लागाराने ती प्लॅस्टिकच्या पेल्यांत आणून दिली, प्रत्येक पेल्यावर हसऱ्या तोंडाचं चित्र. "ह्या बारीला घड चांगले लागू देत," दाजी मला म्हणाले, "मग विहिरीजवळची बी तोडतो. सगळीकडं हीच लावायची. द्राक्षाचं काय राहिलंय आता, पाव्हणं!"

हॉप्सच्या बोंडांना ते घड म्हणत. जन्मभर द्राक्षं केलेल्या माणसाला तारेवर चढणारी प्रत्येक वस्तू द्राक्षच वाटते.

मी त्यांना समजावलं. समजावणं हा माझा धंदाच आहे आणि त्यातल्या अपयशाची मला सवय आहे. म्हटलं, दाजी, ही वेल थंड मुलखातली. तिकडे उन्हाळ्यात दिवस इतका लांबतो की माणसं रात्रीचं जेवून उठली तरी बाहेर उजेड असतो. त्या लांब दिवसांत वेल नुसती वर चढत राहते, अंगात ताकद साठवते, आणि दिवस आखडायला लागला की फुलते. फूल म्हणजे हिरव्या पाकळ्यांचं अंगठ्याएवढं बोंड. पाकळी सोलली की बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. सगळी किंमत त्या पुडीची. तिच्यात कडू आम्लं असतात, ती बिअरला कडवट करतात. तिच्यातच सुगंधी तेलं असतात, ती वास देतात. उरलेलं बोंड म्हणजे पाला. ही पूड भरायच्या दिवसांत हवा गार असावी लागते. हवा तापली की वेल आपला जीव वाचवायच्या मागे लागते, आम्लं बनवायला तिच्यात त्राण उरत नाही. तेलं थोडीफार झालीच तर उन्हात उडून जातात, टोपण उघडं राहिलेल्या अत्तरासारखी. जिथे पिढ्यानपिढ्या हॉप्स पिकते त्या युरोपातसुद्धा हल्ली उन्हाळे तापू लागलेत, कडवटपणा उतरतोय, आणि तिथले शेतकरी डोक्याला हात लावून बसलेत. आणि तुम्ही ही वेल कुठे लावताय? जिथे वैशाखात कावळासुद्धा उडायचा कंटाळा करतो आणि बांधावरून चालत जातो, तिथे!

दाजी शांतपणे ऐकत होते. म्हणजे तंबाखू मळत होते.

"ज्या उन्हानं अक्काच्या द्राक्षात साखर भरते," मी शेवटचं सांगितलं, "तेच ऊन हिचा कडूपणा घालवणार."

"मग बरंच हाय की," दाजी म्हणाले. "गोड बिअर निघंल."

वेल उन्हाळ्यात मेली नाही. ती मेली असती तर मला ही गोष्ट सांगायला मिळाली नसती, म्हणून मी तिचा आभारी आहे. सल्लागाराने वर हिरवी जाळी लावायला सांगितली, मग पाण्याचं धुकं सोडणाऱ्या नळ्या लावायला सांगितल्या. "सर, आपण इथे हिमाचलचं हवामान तयार करतोय," असं तो जाळीखाली उभा राहून म्हणाला. घाम त्याच्या जाकिटातून ठिबकत होता. गावातली कुत्री मात्र खूश झाली. आजवर त्या हिमाचलाचा लाभ एवढ्या मनापासून कुणी घेतला नसेल.

दिवस लांब करायचा प्रश्न उरला होता. त्यासाठी वेलींवर दिव्यांच्या माळा टांगल्या. सूर्य मावळला की दिवे लावायचे, म्हणजे वेलीला वाटेल अजून दिवस आहे. कल्पना वाईट नव्हती, काही ठिकाणी असं करतातही. पण तिथे लाइट असते. आमच्याकडे शेतातली लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि ज्या आठवड्यात यायला पाहिजे त्या आठवड्यात खांबावर काहीतरी जळतं. वेलीच्या बाजूने विचार करा. एका आठवड्यात दिवस स्वीडनएवढा, पुढच्या आठवड्यात अणदूरएवढा. बिचारीला कळेना, आपण चढायचं की फुलायचं. आषाढात ती कंबरेएवढी असतानाच फुलली, जशी एखादी पोरगी नववीतच संसार मांडून बसते.

अक्का हे सगळं विहिरीवरून बघत होती. एकदा धुणं वाळत घालताना म्हणाली, "आपला खंडोबा देव हाय, पण त्यो बी वरसातनं नळदुर्गाला जाऊन ऱ्हातोय. देवाला जागापालट लागतोय, आन् त्या हिमाचलातल्या जित्राबाला तुमी इथं तारंला बांधून घातलंय."

दाजी म्हणाले, "तू तुजी बाग बग."

"तीच बगतेय," अक्का म्हणाली.

मग दाजींनी ती गोष्ट केली जी जगाच्या पाठीवर फक्त द्राक्षवाला माणूसच करेल. द्राक्षाचा घड फुगावा, मणी लांब व्हावेत म्हणून बागवाले घड एका संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढतात. प्रत्येक घड, हाताने, मगात. दाजींना हॉप्सची बोंडं बारीक वाटली. सल्लागाराला फोन लावला, तो उचलेना. तेव्हा त्यांनी बायका लावल्या आणि एकेक बोंड मगात बुडवून काढलं. बोंडं फुगली की! अंगठ्याएवढी होती ती लिंबाएवढी झाली. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघू लागली. दाजी त्यांना वेलीखाली उभं करून मोबाइलवर फोटो काढत आणि बोंडं आपल्याच पोटी जन्मल्यासारखे दिसत.

याच सुमाराला सल्लागाराचा फोन लागला. पुण्यातल्या एका बिअरवाल्याचा माणूस येणार होता. हा माणूस स्वतः बिअर बनवत नसे, चव आणि वास ठरवत असे. त्याच्या नाकाला पास झालं की माल गेला समजायचं. बोंड तळहातावर घ्यायचं, दोन्ही हातांनी चोळायचं आणि ओंजळीत नाक घालायचं, अशी त्यांची तपासणी असते. ही पद्धत खरी आहे. जाणकार तशीच करतात. वाईट एवढंच की ती अजाणकारांनाही करता येते.

त्या संध्याकाळी अक्काने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विषय काढला. दाजींची आई, म्हणजे अक्काची सासू, सोप्यात वाती वळत बसली होती. म्हातारी खंडोबाची मोठी भक्त. तिच्या कपाळावर भंडाऱ्याची हळद आणि तिचे तळहात बारा महिने पिवळे. देवळात उधळलेला भंडारा इतरांच्या डोक्यावर पडतो, तिच्या मात्र थेट रक्तात गेला असावा. ही वेल बिअरची आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. औषधाची आहे, एवढंच तिला माहीत.

"त्यो पुण्याचा माणूस चांगलं म्हणला," अक्का म्हणाली, "तर माजी बाग तोडा. म्या आड येणार न्हाय. वाईट म्हणला तर ही वेल उपटायची आन् माज्या बागंचं नाव काढायचं न्हाय. बोला."

दाजी हसले. "बोललो."

"असं न्हाय. भंडारा उचला."

आमच्याकडे बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही. जमिनीचे कागद फिरवणारी माणसंसुद्धा तिथे चपापतात. म्हातारीनेच देव्हाऱ्यातली डबी आणली. दाजींनी चिमूट उचलली, अक्काने उचलली. म्हातारी दोघांच्या मधे बसून देवाचं नाव घेत होती, आणि ती कुणाच्या बाजूने घेत होती हे सांगायला नको. मुलगा तिचा होता.

तो माणूस यायच्या दोन दिवस आधी मी मळ्यात गेलो. एक बोंड तोडलं, पाकळ्या सोलल्या. आत काही नव्हतं. म्हणजे पाकळ्या होत्या, त्यांच्या आत आणखी पाकळ्या होत्या, आणि बुडाशी, जिथे पिवळी पूड गच्च भरलेली असायला हवी, तिथे कुठेतरी एखादा फिकट ठिपका. चोळून हुंगलं तर ओल्या गवताचा वास. उन्हाने आम्लं होऊ दिली नाहीत, उकाड्याने तेलं उडवली, आणि बुडवण्याने उरलेला सगळा जीव पाकळ्या फुगवण्यात घालवला. इतकं देखणं, इतकं पोकळ काही मी यापूर्वी फक्त सत्काराच्या भाषणांत पाहिलं होतं. दुसरं बोंड तोडलं, तिसरं तोडलं. तेच. मी अक्काकडे गेलो आणि म्हणालो, "तू झोप निवांत. त्यात काही नाही."

अक्का म्हणाली, "तुला कळतंय रं. त्याला कळंल का?"

मी हसलो होतो तेव्हा. त्या माणसाला मी भेटलो नव्हतो.

तो रविवारी सकाळी सल्लागाराच्या गाडीतून उतरला. वय तिशीच्या आसपास, दाढी तेल लावून विंचरलेली, मनगटात दोरे, पायांत उघड्या चपला आणि तोंडावर सगळं जग चाखून झाल्याचा थकवा. चहा विचारला तर म्हणाला, "तपासणीआधी मी काही घेत नाही, जीभ बिघडते." मग आमच्या मळ्याची हवा दीर्घ श्वासाने आत घेतली. शेजारी खताचा ढीग होता. "सुंदर," तो म्हणाला.

आम्ही सगळे वेलीखाली गेलो. दाजी नव्या शर्टात, सल्लागार डोळे मिटलेला, मी, आणि विहिरीकडून आलेली अक्का. ती आपल्या बागेच्या टोकाला, तारेवर हात ठेवून उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. म्हातारी बांधावर दगडावर बसली होती, हात नेहमीसारखे पिवळे.

त्या माणसाने एक टपोरं बोंड तोडलं, सावकाश, लग्नातल्या नवऱ्यासारखं. पाकळ्या उलगडल्या. आणि आत पिवळी पूड होती.

थोडीथोडकी नाही. पाकळीपाकळीत, बुडापासून शेंड्यापर्यंत, सोन्यासारखी पिवळीधमक. त्याच्या बोटांवर सांडली, चपलेवर सांडली. मी पुढे वाकून पाहिलं. दोन दिवसांत? या उन्हात? मी शेजारचं बोंड चाचपलं. तिथेही तेच. दाजी माझ्याकडे बघून नुसते भुवया उडवत होते. त्यांना स्वतःलाही धक्काच बसला होता, पण नशिबाला प्रश्न विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

"वाव," तो माणूस म्हणाला. त्याने बोंड दोन्ही हातांत घेतलं, चोळलं, आणि पिवळ्याजर्द ओंजळीत दाढीसकट नाक घातलं. बराच वेळ तो बाहेर आला नाही. खताच्या ढिगाकडच्या माश्यासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या. मग त्याने मान वर केली. नाकाचा शेंडा पिवळा. बोटाच्या टोकाने थोडी पूड जिभेवर ठेवली आणि आकाशाकडे बघितलं.

"कडवट आहे," तो म्हणाला. "पण रागीट कडवट नाही. मातकट आहे. ऊबदार आहे. थोडं आल्यासारखं, थोडं जुन्या लाकडासारखं. हे युरोपात नाही. अमेरिकेत नाही."

"मी म्हटलं नव्हतं?" सल्लागार डोळे उघडून म्हणाला. "आपलं हवामान!"

"एक्झॅक्टली. हवामान." त्या माणसाने पिवळा तळहात आमच्यापुढे धरला, साक्षीपुरावा दाखवावा तसा. "थंड देशात वेल लाडात वाढते. इथे तिने ऊन सोसलंय. त्या उन्हानेच तिचं सगळं रसायन बदललंय. सर, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? तुम्हाला पटेल."

वास मलाही येत होता आणि तो कुठेतरी अगदी ओळखीचा होता, अगदी रोजचा, पण इतका मोठा जाणकार एवढ्या खात्रीने बोलत असताना स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला जी हिंमत लागते ती पगारदार माणसात नसते.

दाजी विहिरीकडे वळले. "ऐकलं का गं?" ते ओरडले. "पास! आता भंडाऱ्याचा शब्द!"

अक्काने तारेवरचा हात काढला नाही, फक्त मूठ घट्ट झालेली मला दिसली. त्या तारेवर तिच्या वेलीचं कोवळं टोक गुंडाळलेलं होतं.

"सगळं श्रेय," पुण्याचा माणूस आता भाषणाच्या सुरात आला होता, "या हवेला आहे. माणसाने काही केलेलं नाही, देवाने काही केलेलं नाही. ही सोनेरी पूड म्हणजे फक्त तुमच्या हवेची करामत."

बांधावरची म्हातारी इतका वेळ मान डोलावत ऐकत होती. 'देवाने काही केलेलं नाही' हे शब्द कानी पडले आणि ती दगडावरून ताडकन उठली. पदर खोचला, दोन्ही पिवळे तळहात त्या माणसाच्या पिवळ्या नाकासमोर नाचवले, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवो, हवेचं काय कवतिक सांगताव! खंडोबाचा भंडारा हाय त्यो! लेकाचं पीक पास व्हावं म्हणून सकाळच्या पारी म्याच बोंडाबोंडात पाटीभर उधळलाय!"